बाजूचं दूध

माझ्या आत्याला झोपेतून उठवून तिचं स्वतःचं वय विचारा, ती चुकेल. कुठल्या वासराच्या पायाला पट्टी कधी बांधली ते विचारा, चुकणार नाही. अठरा वर्षं ती एकाच गोठ्यावर वासरांकडे आहे, आणि या अठरा वर्षांत तिने दिवस भरण्याआधी एकही पट्टी कापलेली नाही. हे ती पाहुण्यांना सांगते, शेजारणींना सांगते, एकदा गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही तिने उभं करून सांगितलं होतं. आतोबा म्हणतात, "आता तर घरातल्या भिंतींनासुद्धा पाठ झालंय."

पट्टी म्हणजे साधी लाल कापडी पट्टी. गोठा मोठा आहे, दुधाचा. गाय व्यायली की वासरू त्याच दिवशी तिच्यापासून वेगळं करतात आणि लांबच लांब पत्र्याच्या शेडमध्ये एकेका खणात ठेवतात. असे सव्वाशे खण आहेत. वासरू आजारी पडलं, डॉक्टरने चिठ्ठी दिली, की आत्या त्याला इंजेक्शन टोचते आणि मागच्या पायाला लाल पट्टी बांधते. शेवटच्या इंजेक्शनपासून रोज संध्याकाळी पट्टीवर काळ्या पेनाने एक रेघ. औषधाच्या बाटलीवर जितके दिवस लिहिलेले असतील तितक्या रेघा झाल्या की औषध अंगातून गेलं असं धरायचं, पट्टी कापायची. पायाला पट्टी आहे तोवर ते वासरू विकता येत नाही. आत्या त्या रेघांवर स्वतःच्या मनाची आणखी एक रेघ मारते. तिला ती "वरचा दिवस" म्हणते. कायद्याचे दिवस कायद्याला, वरचा दिवस माझ्या मनाला, असं तिचं म्हणणं. टोचायला एक कार्ड लागतं, तेही तिने ट्रेनिंग घेऊन, परीक्षा देऊन मिळवलेलं आहे. चौथी शिकलेल्या बाईने परीक्षा देणं म्हणजे काय हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी या साखळीच्या दुसऱ्या टोकाला बसते. नर वासरं काही आठवड्यांची झाली की ट्रकने खाटीकखान्यात जातात, आणि खाटीकखान्यामागे जी तपासणीची प्रयोगशाळा आहे तिथे मी नोकरी करते. म्हणजे आत्या ज्यांना बाटलीने पाजते, त्यांची मूत्रपिंडं पुढे माझ्या टेबलावर येतात. या विषयावर आमच्याकडे जेवताना कुणी बोलत नाही. माझ्या अंगाला एक वास असतो, तिच्या अंगाला दुसरा, आणि दोघी एकदम घरात शिरलो की आतोबा उठून खिडकी उघडतात.

माझं काम सांगायला सोपं आणि करायला घाणेरडं. एका बशीत जंतू वाढवलेले असतात, त्यांचा पांढुरका थर जमलेला असतो. त्यावर मूत्रपिंडाचा इवलासा तुकडा ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. तुकड्यात औषध नसेल तर जंतू मजेत वाढलेले असतात. औषध असेल तर तुकड्याभोवतीचे जंतू मेलेले असतात आणि तिथे लख्ख गोल दिसतो. त्या सोमवारी दोन बशांमध्ये असे दोन गोल दिसले. मी नमुन्यांसोबत आलेले वासरांच्या कानांतल्या बिल्ल्यांचे नंबर पाहिले. दोन्ही वासरं आत्याच्या गोठ्यावरची.

गोठ्याच्या नोंदीप्रमाणे एका वासराच्या पायाला कधीकाळी पट्टी होती, ती वरच्या दिवसासकट दिवस भरून कापलेली. दुसऱ्याला जन्मात कधी सुई लागलेली नव्हती. मी साहेबांना स्पष्ट सांगितलं की तिथली वासरांची बाई माझी सख्खी आत्या आहे, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. साहेबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "दुसरं कोण आहे इथे?" म्हणाले. मग सरकारी तपासनीस आणि मी एकाच गाडीने गोठ्यावर गेलो.

मालकांचं ऑफिस गोठ्यापासून चांगलं लांब आहे आणि त्यात गुलाबाच्या वासाचं काहीतरी फवारलेलं असतं. मला तो वास शेणापेक्षा वाईट वाटतो. मालक गोड बोलतात. इतकं गोड की ऐकणाऱ्याच्या दाताला कीड लागावी. गोठ्यावर सगळेच तिला आत्या म्हणतात, तेही म्हणतात.

"आत्या, बसा ना," ते म्हणाले. आत्या गमबूट घालून दारात उभी होती, तिथेच उभी राहिली.

"वय झालं की होतं असं," मालक तपासनिसांना म्हणाले. "सव्वाशे वासरं. एखादी पट्टी बांधायची राहिली, एखादी आधी कापली गेली. आत्या, तुम्ही फक्त एवढंच म्हणा की मोजताना चूक झाली. पहिली चूक आहे, नुसती ताकीद मिळेल. तुमचं काम कुठे जातंय? मी आहे ना."

"मी मोजायला चुकले नाही," आत्या म्हणाली.

"अहो, पण कागदावर काहीतरी कारण लिहावं लागेल ना."

"लिहा की. ते खोटं नसलं म्हणजे झालं."

वड्याचं तेल वांग्यावर काढायला ही माणसं किती तयार असतात, आणि वर आपण उपकार करतो आहोत असा चेहरा ठेवतात. मला त्या ऑफिसात थुंकावंसं वाटलं. तपासनीस तसे वाईट नाहीत, थकलेले आहेत. त्यांनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली आणि मला वासरांचं रक्त काढायला सांगितलं.

रक्त काढताना वासरं आत्यानेच धरली. मानेखाली हात घालून, गुडघ्याने हलकेच दाबून, तोंडाने "हो रे, हो रे, झालं" असं काहीबाही पुटपुटत. मी पट्टीवाल्या वासराकडे वळले तर तिने मला थांबवलं.

"याला तर औषध चालूच आहे, याचं काय बघतेस? बिनपट्टीची घे. त्यांच्यात काही निघालं तर मी नाक कापून देईन."

म्हणून मी बिनपट्टीची सहा निवडली. त्यांतली तिघं आठवड्याच्या आतली, तिघं महिना उलटलेली. तेवढ्यात संध्याकाळच्या पाजण्याची वेळ झाली आणि आत्या बादली घेऊन आली.

मी प्रयोगशाळेत काय काय हाताळते ते सांगितलं तर तुम्ही आज जेवणार नाही. तरीही त्या बादलीजवळ मला दोन पावलं मागे सरकावं लागलं. दूध पिवळट होतं, मध्येच गुलाबी. वर दह्याच्या गुठळ्यांसारखं काहीतरी तरंगत होतं, पण ते दही नव्हतं. रक्ताचे धागे होते. आंबट वासाखाली दुसराच एक वास होता, दवाखान्यातल्या कपाटासारखा, आणि तो मी कुठेही ओळखला असता. बादलीच्या खालच्या बाजूला रबरी बोंडं लावलेली होती आणि त्यांच्याभोवती जुन्या दुधाचा बुळबुळीत थर होता.

"हे काय आहे?"

"बाजूचं दूध," आत्या म्हणाली. मी खुळ्यासारखं विचारावं याचं तिला नवल वाटलं.

बाजूचं दूध हा शब्द मी लहानपणापासून ऐकला आहे. कास सुजलेल्या गाईच्या सडात औषध भरतात. त्या गाईचं दूध माणसांना विकायला बंदी असते, म्हणून ते मोठ्या टाकीत न घालता बाजूला काढतात. शंभर वेळा तिने हे सांगितलं असेल, आणि मला वाटायचं की बाजूला काढतात म्हणजे गटारात ओततात. शिकलेली बाई मी, भिंतीवर प्रमाणपत्र लावलेली. पुढे काय होतं हे मी एकदाही विचारलं नाही.

"फेकायचं कशाला?" आत्या म्हणाली. "पोटात गेलं तर अंगी लागतं." आणि तिने बादलीत बोटं घालून एकेक गुठळी वेचून बाहेर टाकायला सुरुवात केली. वासरांच्या घशात अडकू नये म्हणून. नखाएवढी गुठळीसुद्धा ती सोडत नव्हती. पू वेचणाऱ्या त्या हातांची मला शिसारी आली, आणि ते हात काय काळजीने वेचतायत हे दिसल्यावर त्या शिसारीचीही आली. वासरं डोकं आपटून आपटून बोंडं चोखायला लागली. शेपट्या हलत होत्या. त्या पिवळ्या फेसाचे ओघळ त्यांच्या हनुवटीवरून खाली येत होते आणि त्यांच्यावर माश्या बसत होत्या. मी बादलीतलं एक बाटलीभर घेतलं.

बुधवारी निकाल आला. सहाच्या सहा वासरांच्या रक्तात औषध होतं. बादलीतल्या दुधात तर होतंच, एक सोडून दोन प्रकारचं. एकाच बादलीचं पिऊनही आठवड्याच्या आतल्या तिघांच्या रक्तात ते महिन्याच्या वासरांपेक्षा कितीतरी जास्त होतं.

संध्याकाळी मी आत्याकडे गेले. ती स्वयंपाकघरात खाली बसून तांदूळ निवडत होती, आतोबा ओट्याला टेकून चहा पीत होते. मी आल्या आल्या सांगून टाकलं. असलं बोलणं मला साखरेत घोळवता येत नाही.

"दुधातून गेलेलं औषध पोटातच मरत असेल ना?" आत्याने विचारलं. "डॉक्टर एकदा म्हणाले होते, गाईला तोंडातून औषध दिलं तर निम्मं वाया जातं."

"मोठ्या गाईला. तिच्या पहिल्या पोटात कोट्यवधी जंतू असतात, रवंथाचं सगळं तिथेच कुजतं. औषध आधी त्या कढईत पडतं. पिणाऱ्या वासराचं तसं नसतं. ते बोंड चोखायला लागलं की आत एक पन्हळ मिटते आणि तिची नळी होते. दूध पहिल्या पोटाला वळसा घालून थेट शेवटच्या पोटात उतरतं. तिथून आतड्यात, आतड्यातून रक्तात."

"आणि रक्तातून जातं की बाहेर."

"बाहेर काढणार कोण? यकृत आणि मूत्रपिंडं. चार दिवसांच्या वासराची ती अजून कामाला लागलेली नसतात, आत्या. गाईच्या अंगातून जे औषध दोन दिवसांत जाईल, त्याला या पिल्लाच्या अंगातून निघायला कितीतरी जास्त लागतात. मोरीची जाळी निम्मी तुंबलेली आहे आणि तू सकाळ-संध्याकाळ नळ सोडतेस. आधीचं जात नाही तोवर पुढचं येतं."

ती तांदळात बोटं फिरवत राहिली. खडा सापडला तरी तिने तो बाजूला काढला नाही.

"हगवण लागलेलं असेल तर?"

"अंगातलं पाणी गेलेलं असतं. मूत्रपिंडं आणखी हळू चालतात."

"हगवण लागली की मी बादली जास्त वेळ लावते," ती म्हणाली. "अशक्त होऊ नये म्हणून."

मी तिच्यासमोर खाली बसले आणि तो खडा उचलून बाजूला ठेवला.

"मग माझा वरचा दिवस?"

खोटं बोलता आलं असतं. पण ती माझ्याकडे सरळ पाहत होती. "त्याचा काही उपयोग नव्हता," मी म्हटलं. "तू दिवस मोजलेस ते शेवटच्या सुईपासून. सुई थांबली होती. औषध थांबलंच नव्हतं."

"पट्टीवर रेघ मारायचे," ती हळू म्हणाली, "आणि त्याच वासरापुढे बादली टांगायचे. एकाच फेरीत. पेन कानावर ठेवायचे आणि बादली उचलायचे." मग ती उठली, मोरीपाशी गेली आणि साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुवायला लागली. धुऊन झाले, पुसले, पुन्हा साबण घेतला. तिसऱ्या वेळी तिला ओकारी आली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पित्त पडलं. मी तिची पाठ धरली तर तिने कोपराने मला ढकललं.

आतोबांना मात्र हायसं वाटलं होतं. "हे बघ," ते म्हणाले, "वाईट वाटणारच. पण तुझी मोजणी बरोबर निघाली की नाही? आता तुझ्यावर कुणाला खापर फोडता येणार नाही. सुंठीवाचून खोकला गेला. शुक्रवारी गप्प उभी राहा आणि घरी ये." माणूस चांगला आहे. पण त्या क्षणी मला त्यांचाही संताप आला, कारण मीसुद्धा मनात नेमकं हेच म्हणत होते.

शुक्रवारी दुपारी आम्ही गेलो तेव्हा गोठ्याच्या फाटकात ट्रक मागचं फळकूट उघडून उभा होता. तेवीस वासरं जायची होती. मालकांना निकाल कळलेला होता आणि त्यांचा सूर पार बदलला होता.

"आत्यांवर मी उगाच शंका घेतली," ते म्हणाले. "अशा हाताची बाई सापडायची नाही. आता तपासनीससाहेब, कागदावर 'कारण समजले नाही' असं लिहा. आत्यांचं नावही खराब होत नाही, माझंही नाही."

"कारण समजलंय," मी म्हटलं. "बादलीत आहे."

"बाई, वासरांना दूध पाजायला कुठल्या कायद्यात मनाई आहे?"

तपासनिसांनी मान खाली घातली. "नाही मनाई," ते म्हणाले.

"झालं तर मग. आणि आम्ही करूच ना बदल. हळूहळू." हे बोलताना मालकांनी नाकाला रुमाल लावला, कारण आम्ही शेडजवळ आलो होतो.

असल्या "हळूहळू"ची मला किळस आहे. माझ्या टेबलावर येणारी निम्मी घाण त्या एका शब्दातून येते.

"आणि ही तेवीस?" आत्याने विचारलं. ती वासरांना खणांतून काढायला बोलावली म्हणून आली होती, हातात दोर होता.

"तपासलेल्यांपैकी जी यात आहेत ती मी थांबवतो," तपासनीस म्हणाले. "बाकीची कशाच्या आधारावर थांबवू, आत्या? हिचा अहवाल वर पाठवतोय. वर्षभरात काहीतरी नियम निघेल."

"पण ही तर आज चालली. माणसं खाणार ना यांना?"

ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला.

"कशाने थांबतील?" तिने विचारलं.

"औषध दिलेल्या वासरांच्या यादीत नंबर असेल तरच. डॉक्टरच्या चिठ्ठीने दिलेलं असेल तर दिवस भरेपर्यंत थांबतात. चिठ्ठीशिवाय दिलं असेल तर आमचा माणूस येऊन पुन्हा रक्त तपासेपर्यंत. पण ती यादी टोचलेल्यांची असते."

"यादीत टोचलेली असं लिहिलंय की औषध दिलेली?"

तपासनिसांनी हातातल्या फळीला लावलेला यादीचा कागद पाहिला. "औषध दिलेली."

"आणा तो इकडे."

तिने दोर खाली ठेवला, कानावरचं पेन काढलं आणि शेडच्या कट्ट्यावर कागद ठेवून नंबर लिहायला सुरुवात केली. बिल्ले बघायला ती एकदाही वाकली नाही. तेवीस झाले तरी थांबली नाही, खण क्रमाने घेत गेली. सव्वाशे नंबर लिहायला तिला बराच वेळ लागला. एकदा कागद संपला तेव्हा तपासनिसांनी न बोलता दुसरा दिला. ट्रकवाला दोनदा येऊन बघून गेला. मालक आधी हसत होते, मग फोनवर कुणाशी तरी बोलायला लागले, मग त्यांनी फोन खिशात घातला.

शेवटी दोन रकाने राहिले. डॉक्टरच्या चिठ्ठीच्या रकान्यात तिने "नाही" लिहिलं. दुसरा होता औषध देणाऱ्याच्या नावाचा. देवविणाऱ्याच्या नावाला रकानाच नव्हता, मी कागद उलटून पाहिला.

"आत्या, थांबा," तपासनीस म्हणाले. "चिठ्ठीशिवाय औषध दिलं असं तुमच्या नावावर गेलं तर तुमचं कार्ड रद्द होतं. पुन्हा मिळत नाही. कुठल्याच गोठ्यावर तुम्हाला वासराला हात लावता यायचा नाही."

"माहीत आहे. परीक्षेत होता हा प्रश्न."

"अहो, वेड लागलंय का?" मालकांचा गोडवा पहिल्यांदाच आटला. "यात तुमचंच नाव येतंय. तुम्ही कुठे काय दिलंय?"

आत्याने आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लिहिलं. चौथीतल्या अक्षरात, पेन दाबून, जसं ती कुठेही लिहिते तसं. मग मालकांकडे पाहिलं.

"पाजलं कुणी मग?" ती म्हणाली. "तुम्ही तर कधी बादलीजवळ उभेसुद्धा राहिला नाहीत."